दुसरं धोतर

अण्णा,

आज दुपारी बार्शीहून परत आले तेव्हा भूमच्या स्टँडवर तुमचा एक जुना विद्यार्थी भेटला. आता त्याचेही केस पिकलेत, कमरेत वाकलाय. माझ्या हातात नवीन बॅग होती, चाकांची, जरा मोठीच. त्यानं विचारलं, "सिस्टर, कुठं दौरा?" मी सांगितलं, नोकरी संपली, आता तीन महिने उत्तरेकडं फिरायला जाणार आहे, एकटीच, धर्मशाळेत राहून, साध्या गाडीनं, जमेल तसं स्वस्तात. तो बॅगेकडं बघून हसला. म्हणाला, "आन् एवढं वझं? अहो, आमचे मास्तर एका पिशवीत सगळा हिंदुस्थान फिरले. दुसरं धोतर व्हतं तेबी ओंकारेश्वरला एका साधूला देऊन टाकलं. तुमी त्यांचीच लेक ना?" मी होय म्हणाले आणि घरी आले. बॅग अजून दारातच उभी आहे. चहासुद्धा केला नाही, हे लिहायला बसले. जिल्ह्याच्या दवाखान्यात मी उभं आयुष्य काढलं. पू, ओकारी, सडलेल्या जखमा, सगळं या हातांनी धुतलं, कधी नाक मुरडलं नाही. पण स्टँडवर तो साधू पुन्हा ऐकला आणि मला खरोखर मळमळलं.

तुमची ती खाकी पिशवी अख्ख्या भूमला माहीत होती. आईनंच शिवलेली, खांद्याला लावायचा पट्टा जाड, दुहेरी. वार्षिक परीक्षेचे पेपर तपासून झाले की तुमचे पाय शिवशिवायला लागायचे. सुट्टी आणि तिला जोडून घेतलेली रजा, असं करून तुम्ही दोन-अडीच महिने गायब. जायच्या दिवशी सकाळी ओसरीवर पोरं जमायची, तुम्ही पिशवी कशी भरता ते बघायला. एक धोतर, एक सदरा, एक पंचा, तांब्या आणि सुपारीची डबी. चहा गार व्हायच्या आत पिशवी तयार. मग तुम्ही पोरांकडं बघून म्हणायचात, "माणसाला लागतं किती रे?" पोरं माना डोलवायची. आई आत चुलीपुढं असायची. तिच्या दोन म्हशी होत्या, त्यांचं दूध ती खव्याच्या भट्टीवर घालायची आणि तुम्ही बिनपगारी रजेवर असला की घर त्याच दुधावर चालायचं. उन्हाळ्यात हापशाला पाणी नसायचं, ती पहाटे मळ्यातल्या विहिरीवर जायची, डोक्यावर दोन घागरी आणि कमरेवर एक. तिला लागतं किती, हे ओसरीवर कुणी विचारलं नाही.

माझी आठवीची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात तुम्ही अचानक म्हणालात, "औंदा हिला नेतो." आमच्या आळीतल्या पोरी बार्शीच्या पलीकडं गेल्या नव्हत्या. शेजारणी आईला म्हणाल्या, पोरीच्या जातीला एवढं कशाला हिंडवायचं. तुम्ही ऐकलं नाही. हे मी विसरलेली नाही. कुठला बाप त्या काळात नेत होता? मला रात्रभर झोप आली नाही. आईनं माझ्यासाठी तिच्या जुन्या लुगड्याची पिशवी शिवली. वर परकर-पोलकी, मध्ये लोकरी झंपर, आणि अगदी तळाला धुऊन उन्हात वाळवलेल्या मऊ घड्या, एका फडक्यात गच्च बांधून. मला नुकतीच पाळी यायला लागली होती. घड्या कशा घ्यायच्या, कुठं धुवायच्या, कशाखाली झाकून वाळवायच्या, सगळं तिनं मला चुलीपाशी बसून हळू आवाजात समजावलं. शेवटी म्हणाली, "त्यांना काय बोलू नको. त्यांना त्यातलं काय समजत न्हाय."

ती स्टँडवर आली नाही, धारेची वेळ होती. तुम्ही मला कँटीनच्या बाकावर बसवलं आणि म्हणालात, "दाखव बघू काय काय भरलंय." मी नको म्हणायच्या आत पिशवी बाकावर उलटी झाली. लोक बघतायत. तुम्ही एकेक वस्तू उचलताय, मोठ्यानं बोलताय, जसं काही वर्गात शिकवताय. झंपर? उन्हाळ्यात झंपर कशाला? दोन परकर पुरेत, तिसरा कशाला? मग ते गाठोडं तुमच्या हातात येतं, तुम्ही गाठ सोडता, घड्या बाहेर येतात. "ह्या चिंध्या कशाला? आपल्याला काय आगगाडी पुसायचीय?" दोघं-तिघं हसतात. मी खाली मान घालून बाकाच्या फटीकडं बघत राहते. तुम्ही झंपर आणि परकर ओळखीच्या कंडक्टरजवळ घरी पाठवायला देता आणि घड्या कँटीनवाल्याला. "घे रे, टेबल पुसायला होतील." त्यानं त्यातलीच एक पाण्यात बुडवली, आपल्यापुढचं टेबल पुसलं आणि त्यावर चहाचे कप ठेवले. तुम्ही फुर्रकन चहा प्यालात. मी प्याले नाही. "पोरगी बुजलीय," असं तुम्ही त्याला हसत सांगितलंत.

कुर्डुवाडीला गाडीत बसलो आणि तुमच्या हलक्या पिशवीचं गुपित मला पहिल्या दिवशीच कळलं. तुम्ही काही घेऊन जात नव्हता, कारण प्रत्येक वस्तू कुणीतरी दुसरा घेऊन आलेला असायचा. समोरच्या बाकावरच्या बाईनं दशम्या सोडल्या की तुम्ही तिच्या गावाची चौकशी सुरू करायचात. दौंडला एका सैनिकाची चादर आपल्या अंगावर आली. मनमाडला कुणाचा तरी कंगवा मागून घेतलात, आपले केस विंचरलेत, मग तोच माझ्या हातात दिलात. त्याच्या दातांत तिसऱ्याच कुणाचे तेलकट केस अडकले होते. खांडव्याला तुमच्या कुठल्याशा विद्यार्थ्याच्या मावशीकडं आपण बरोबर जेवायच्या वेळी पोचलो. तिची सून नुकती बाळंत होऊन उठली होती. तिनं तुमचं धोतर धुतलं, कारण तुम्ही ते मोरीत नुसतं टाकून आला होतात. ती पिळे घालताना माझ्याकडं बघत होती. मी तिच्या हातातून ते घ्यायला गेले तर तुम्ही बाहेरून हाक मारलीत, "अगं ये इकडं, नकाशा दाखवतो." तिच्याच टॉवेलनं तुम्ही अंग पुसलंत आणि ओलाच खुंटीवर टाकलात. त्या टॉवेलचा आंबूस वास अजून माझ्या नाकात आहे. जेवताना त्या घरच्या लोकांना तुम्ही सांगत होतात, वस्तूंचा मोह सुटला की माणूस कसा मोकळा होतो.

ओंकारेश्वरच्या धर्मशाळेत आपल्या शेजारच्या खोलीत उमरग्याकडची एक म्हातारी उतरली होती, चार-पाच जणींबरोबर. तिच्याजवळ पत्र्याची ट्रंक होती, वळकटी होती, स्टोव्ह होता, शेंगाची चटणी, लोणचं, सुई-दोरा, सगळं. आपसात त्या कानडीत बोलायच्या, आपल्याशी मराठीत. पहिल्याच संध्याकाळी तुम्ही तिच्या ट्रंकेकडं बघून म्हणालात, "आजी, एवढा संसार घेऊन तीर्थाला आलात?" ती नुसती हसली. मग तुम्ही तिच्याकडून मीठ मागून आणलंत. मग स्टोव्ह. मग चंदनाचा साबण, तिच्या लेकानं मुद्दाम दिलेला. दुसऱ्या दिवशीही तोच साबण घेऊन तुम्ही घाटावर गेलात. परत दिलात तेव्हा त्याचा चपटा तुकडा उरला होता आणि त्याला तुमच्या छातीवरचे केस चिकटले होते. म्हातारीनं तो चिमटीत धरून बघितला आणि तांब्यातलं पाणी ओतून स्वच्छ केला. मी खोलीच्या दारातून बघत होते. बापाची लाज वाटणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी समजलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बायका डोंगराच्या प्रदक्षिणेला गेल्या. तुम्ही अंगावरच्या धोतरानिशी घाटावर गेलात. खोलीत मी एकटी. पोटात कळ आली आणि मला कळलं. पिशवी उपसली. त्यात काय असणार? एक परकर अंगावर, दुसरा रात्री धुतलेला, अजून ओला. पोलकी आईनं नवीन शिवलेली. ती फाडायचा धीर होईना. शेजारच्या खोलीला कुलूप. मी दार लावून मध्येच उभी, पायावरून ओघळ येतोय, फरशीवर पडेल म्हणून हलतासुद्धा येत नाही. समोर खुंटीवर तुमची खाकी पिशवी, आणि तिच्यातून तुमच्या दुसऱ्या धोतराचा काठ दिसतोय. मी ते काढलं. काठाला दातानं चावा घेतला आणि ओढलं. टर्रकन आवाज झाला, एवढा मोठा, की मला वाटलं घाटापर्यंत गेला असेल. मग भीती गेली. मी ते धोतर लांबीनं फाडलं, रुंदीनं फाडलं, आईनं शिकवल्या तशा घड्या केल्या. फरशी पुसली. राहिलेले तुकडे माझ्या पिशवीच्या तळाशी ठेवले.

तुम्ही आलात ते ओलेतेच, कुणाचा तरी पंचा गुंडाळून. "धोतर दे गं." मी म्हणाले, "फाडलं." "फाडलं? का?" तुमची नजर माझ्या परकरावर गेली, मग कोपऱ्यातल्या बादलीवर. तुम्ही झटकन दोन पावलं मागं सरकलात, जसं काही खोलीत साप निघालाय. मला वाटलं, आता काहीतरी बोलाल. दुखतंय का, असं काहीतरी. तुम्ही म्हणालात, "मग आता मी काय नेसू?"

एवढंच. मग तुम्ही मला बाहेर काढलंत. शिवू नकोस, देवाचं ठिकाण आहे, म्हणालात. पडवीत चपला काढायची जागा होती, तिथं बसवलंत. येणारे-जाणारे माझ्यापाशी चपला काढत होते. तुम्ही आत पंचा लावून बसला होतात, धोतर वाळायची वाट बघत. दुपार झाली. भूक लागली होती, पोट दुखत होतं, ऊन सरकत सरकत माझ्या अंगावर आलं. चपलांचा घामट वास उन्हानं वर येत होता.

बायका प्रदक्षिणा करून आल्या. म्हातारी माझ्यापुढं थांबली. "यव्वा! पोर चपलात का बसलीया?" तुम्ही आतूनच म्हणालात, "अडचण आहे तिची." "मग? अडचन हाय तर चपलात बसवायचं?" तिनं माझा हात धरला. मी म्हणाले, "शिवू नका." ती म्हणाली, "म्या न्हाय शिवले तर कोन शिवनार? तुझी आई हाय का हितं?" तिनं मला तिच्या खोलीत नेलं, स्टोव्हवर पाणी तापवलं, अंग धुवायला लावलं, गुळाचा खडा हातावर ठेवला. ट्रंकेतून जुनं मऊ नेसूचं लुगडं काढलं आणि माझ्या देखत फाडून घड्या करून दिल्या. मग दारात जाऊन तुम्हाला ऐकू जाईल असं म्हणाली, "आन् मास्तर, उद्यापासनं साबन तुमचा तुमी घ्या. माझा संपला." तिच्या सोबतिणी पदर तोंडाला लावून हसल्या. तुम्ही भिंतीकडं तोंड करून बसलात.

पुढचे दोन महिने तुमच्याजवळ एकच धोतर होतं. रात्री धुवायचं, सकाळी दमट तसंच नेसायचं. उज्जैनपासून तुमच्या जांघेत नायटा उठला. गाडीत, देवळात, लोकांच्या ओसरीवर तुम्ही धोतरात हात घालून खाजवत बसायचात आणि तोच हात प्रसादाला पुढं करायचात. मी शेजारी बसून दुसरीकडं बघायची. दुसरं धोतर घ्या म्हणून सुचवलं तर म्हणालात, "कशाला? एकावर भागतंय की." तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर एक नवीनच समाधान आलेलं मी पाहिलं. हे असं सांगायला छान आहे, हे तुमच्या लक्षात आलं होतं.

आणि तरी प्रयागला तुम्ही मला नावेतून नेलंत. दोन रंगांचं पाणी जिथं एकमेकांत शिरतं तिथं नाव थांबवायला लावलीत. माझा हात धरून पाण्यात बुडवलात, आधी इकडं, मग तिकडं. "बघ, हिचं गार आणि हिचं कोमट. पुस्तकात हे नसतं." तुमचे डोळे लहान पोरासारखे झाले होते. त्या क्षणी तुम्ही मला आवडलात, आणि त्याचा मला नंतर खूप राग आला. नुसते वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं.

घरी आलो त्या दिवशी आई भाकरी करत होती. तुम्ही ओसरीवर पोरांना हरिद्वार सांगत होतात. मी आईला सगळं सांगितलं, कँटीनपासून चपलांपर्यंत. ती थापत होती ती भाकरी तव्यावर टाकायची विसरली, आणि तव्यावरची जळून काळी झाली. तिनं फक्त विचारलं, "म्हातारीचं गाव कुठलं म्हनलीस?" मला नाव माहीत नव्हतं. याचं तिला पुढं कितीतरी वर्षं वाईट वाटायचं. तुमचे कपडे तिनं परसात उकळत्या पाण्यात टाकले, आणि नायट्यावर लावायला गंधकाचं मलमही तिनंच आणून दिलं.

मग तुमचा निवृत्तीचा सत्कार. शाळेच्या मैदानात मांडव, हार, शाल. मी दवाखान्यातून रजा काढून आले होते, आईच्या शेजारी बायकांत बसले होते. तुम्ही बोलायला उभे राहिलात. कमी सामानात, कमी खर्चात देश कसा बघावा, हाच विषय. लोक रंगले होते. आणि मग तुम्ही म्हणालात, "ओंकारेश्वरी माझ्याजवळ दोन धोतरं होती. एक तिथं एका गरजवंताला दिलं. उरलेल्या एकावर हरिद्वार गाठलं." टाळ्या पडल्या. आईनं माझ्याकडं बघितलं नाही. तिनं माझा हात आपल्या पदराखाली ओढून घेतला आणि दाबून धरला.

त्या रात्री तुम्ही जेवायला बसलात. तिनं ताट वाढलं, ते तुमच्या समोरून उचललं आणि माझ्यापुढं ठेवलं. म्हणाली, "तुमचा गरजवंत आलाय दवाखान्यातनं. त्याला आदी वाढते, मग तुमाला." तुम्ही माझ्याकडं बघितलंत, तिच्याकडं बघितलंत. मला वाटलं, आता तरी. तुम्ही म्हणालात, "अगं, सभेत तसं सांगता येतं का?" ती म्हणाली, "मग सांगू न्हाय." मग दुसरं ताट आलं आणि तुम्ही जेवलात. कढी दोनदा घेतलीत, छान झालीय म्हणालात.

पुढं पुढं गरजवंताचा साधू झाला. मग तो थंडीत कुडकुडणारा साधू झाला. तुमच्या शेवटच्या दुखण्यात मी तुम्हाला पुसत होते, कूस बदलत होते, खालचं धुत होते, तेव्हा भेटायला आलेल्यांना तुम्ही तोच साधू ऐकवत होतात. तुम्ही माझ्याकडं बघून सांगत होतात, अगदी निर्मळ चेहऱ्यानं. तुम्हाला खरंच तो दिसत असावा. तुम्ही खोटं बोलत असता तर मी एखादे वेळी माफ केलं असतं. पण तुम्ही मला पुसून टाकलं होतं आणि तुम्हाला ते कळलंही नव्हतं, याची मला सगळ्यात जास्त किळस येते. तुम्ही गेलात, मग आई गेली, आणि गावात साधू तेवढा राहिला.

आता अंधार पडत आलाय. बॅग भरायचीय. मी हलकी भरणार नाही. माझा साबण, माझा टॉवेल, माझी चादर, माझ्या गोळ्या, पुरेसे कपडे, सगळं घेणार आहे आणि ते माझं मी ओढणार आहे. दमले तर बसेन. हमालाला हाक मारेन. कुणाच्या सुनेला माझं लुगडं धुवायला लागणार नाही, एवढ्यासाठी जे ओझं होईल ते होऊ दे. स्टँडवरच्या त्या माणसाला खरं सांगायला हवं होतं, असं घरी येईपर्यंत वाटत होतं. आता वाटतं, तुम्हाला सांगून झालं, पुरे. हा कागद कुठं पाठवायचा नाही, चुलीत घालेन किंवा तसाच राहील.

एक गोष्ट राहिली. आळीत मी सगळ्यांना हसत सांगतेय की एकटी जाणार, त्यात काय एवढं. बहिणीसारख्या मैत्रिणींनी दोनदा विचारलं, खरंच एकटी जाणार का, त्यांनाही तेच सांगितलं. पण अण्णा, मला भीती वाटते. अनोळखी स्टेशनावर उतरल्यावर कुठल्या बाजूला वळायचं, हे ठामपणे सांगणारं कुणी पुढं असावं असं वाटतं, चुकीचं सांगितलं तरी चालेल. हे मी दुसऱ्या कुणाला सांगू शकले नाही. तुम्हाला सांगता आलं, कारण तुम्ही कधी ऐकतच नव्हता.